गालिच्यावरचे डाग आणि आपली दमट हवा : आपापले अनुभव लिहा

रत्नागिरीहून, धागा सुरू करताना

आमच्या घरात चार वर्षांपूर्वीपर्यंत गालिचा नव्हता. ओसरीवर सतरंजी, माजघरात चटई आणि मोठे पाहुणे आले तर ठेवणीतले जाजम, एवढ्यावर दोन पिढ्यांचे भागले. मुंबईतल्या दिरांनी जागा बदलली तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यातला सहा बाय नऊ फुटांचा लोकरी गालिचा नव्या घरात मावेना, म्हणून तो टेंपोतून गावी आला. चाकरमान्यांच्या घरी नकोशा झालेल्या वस्तूंचा शेवटचा मुक्काम गावच्या घरीच असतो, हे कोकणात कोणाला सांगायला नको. पहिल्याच महिन्यात, मे अखेरीस, एका पाहुण्यांच्या हातून सोलकढीची वाटी त्यावर कलंडली.

मी त्या वेळी जे केले ते सगळेच चुकले, म्हणून तेच आधी सांगते. लादीवर काही सांडले की बादलीभर पाणी ओतायचे आणि खराट्याने लोटून द्यायचे, ही हाताला लागलेली सवय. त्याच सवयीने मी कपडे धुण्याची पावडर घातलेले कढत पाणी डागावर ओतले आणि कपड्यांच्या ब्रशने खसाखसा घासले. डोळ्यांदेखत गुलाबी डाग निळसर करडा झाला, आणि घासलेल्या जागची लोकर पिंजल्यासारखी उभी राहिली ती आजतागायत बसलेली नाही. खरे संकट मात्र पुढेच होते. चौथ्या दिवशी पाऊस लागला. गालिचा पडवीत दांडीवर टाकलेला होता, वरून हाताला कोरडा लागत होता, पण दहाव्या दिवशी उलटा करून पाहिला तर पाठीवर पांढरी बुरशी आणि नारळाच्या दुधाचा आंबूस वास.

कोकमाचा रंग हा जांभूळ आणि जास्वंदीच्या रंगांचा भाऊबंद आहे, तो आंबट पदार्थात लाल राहतो आणि खाराशी (साबण-सोड्यासारख्या अल्कलीशी) गाठ पडली की निळा-हिरवट होतो, हे मला नंतर कळले. कपड्यांच्या पावडरीत खार असतो, म्हणून डाग गेला नाही, त्याने नुसता वेश बदलला.

आता पुन्हा मे संपत आला आहे, आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, कामांत घरोघरी गालिचे आणि सतरंज्या उन्हात पडलेल्या असतील. आपण सर्वांनी आपापले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. डाग कशाचा होता, गालिचा कशाचा होता, काय केले, आणि मुख्य म्हणजे तो वाळला कसा, हे अवश्य लिहा. शहरातल्या सल्ल्यांमध्ये हा शेवटचा प्रश्न कोणी विचारातच घेत नाही. फसलेले प्रयोगही चालतील. माझा तो डाग अजून जागेवर आहे, त्यावरही उपाय सुचवावा.

गुहागरहून

आमचा गालिचा लोकरी नाही, बाजारात मिळतो तो यंत्रावर विणलेला कृत्रिम धाग्याचा आहे, त्यामुळे माझा अनुभव त्याच जातीपुरता धरावा. गेल्या एप्रिलमध्ये धाकट्या जावेच्या माहेरची माणसे आली होती आणि बांगड्याच्या कालवणाचे अख्खे पातेले गालिच्याच्या कडेला लवंडले. माशाचे कालवण म्हणजे एक डाग नसतो, एकाच जागी चार डाग असतात. तेल आणि खोबऱ्याचा स्निग्धपणा, हळद-तिखटाचा रंग, माशाचा रस आणि वास. हे चारही एका फडक्याने जाणार नाहीत, हे त्या दिवशी समजले.

आधी चपट्या उलथन्याने जेवढे उचलता येईल तेवढे उचलले, आणि ते कडेकडून आत असे, म्हणजे डागाचा घेर वाढणार नाही. मग जुन्या धोतराचे पांढरे फडके दाबून ठेवले. फडके पांढरेच घ्यावे, कारण रंगीत फडक्याचा रंग ओल्या गालिच्याला लागतो आणि डाग किती निघाला तेही फडक्यावर दिसत नाही. तेल ओढून घेण्यासाठी भरपूर टाल्कम पावडर टाकून तासभर राहू दिली. शेजारच्या वहिनींनी तांदळाचे पीठ सुचवले होते, परंतु पीठ विणीत अडकून राहते आणि मग मुंग्यांना वर्दी जाते, म्हणून मी ते टाळले. पावडर झाडून काढल्यावर वाटीभर गार पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन थेंब घालून फडक्याने टिपत गेले. पाणी गारच हवे, कारण माशाचा रस, अंडे, दूध, रक्त यांवर गरम पाणी पडले की ते शिजून धाग्याला धरून बसतात.

इथवर सर्व सुरळीत होते. तेवढ्यात सासूबाईंनी मदत म्हणून कपड्याच्या साबणाची वडी ओली करून पिवळ्या डागावर फिरवली आणि डाग लालभडक झाला. त्या स्वतःच दचकून म्हणाल्या, "अगो, हे तर कुंकू झाले!" आणि ते अक्षरशः खरे होते, कारण पूर्वी हळदीला चुना किंवा टाकणखार लावूनच कुंकू करीत. लिंबाचे पाणी टिपल्यावर लाल पुन्हा पिवळे झाले. पिवळे मात्र कशानेच हलेना. शेवटी ते काम उन्हाने केले. डाग किंचित ओला करून गालिचा खळ्यात उन्हात टाकला, तीन दुपारी तेच केले, आणि तिसऱ्या संध्याकाळी डाग शोधावा लागला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. वासासाठी व्हिनेगरमध्ये तिप्पट पाणी घालून ते फडक्याने टिपले. माशाला आपण लिंबू चोळतो त्याच कारणाने व्हिनेगरने वास मरतो.

हेच कालवण जुलैत सांडले असते तर काय केले असते, याचे उत्तर माझ्याकडे नाही, कारण ऊन नसताना हळदीपुढे मी हात टेकते.

मालवणजवळून, घरगुती निवास चालवणारा

आमच्याकडे पर्यटक उतरतात आणि खोल्यांमध्ये छोटे गालिचे आहेत, त्यामुळे डागांचा माझा अनुभव मोठा आहे, फक्त त्यात माझा स्वतःचा हात कमी आहे. दोन गोष्टी सविस्तर लिहितो, कारण त्या किनाऱ्यावरच्याच आहेत.

पहिली गोष्ट डांबराची. कपाटात ठेवतात त्या डांबरगोळ्या नव्हेत, तर पावसाच्या तोंडावर आणि पुढे पावसाळाभर समुद्रातून वाळूवर येऊन पडतात ते तेलकट काळे गोळे. पाहुणे अनवाणी फिरून येतात, तळव्याला डांबर लागलेले असते आणि दारापासून पलंगापर्यंत काळी पावले उमटतात. पहिल्यांदा मी साबण घेऊन बसलो तेव्हा मागून आई ओरडली, "रे, घासू नको, सगळीकडे पसरतला!" आणि तसेच झाले. डांबर पाण्याला दाद देत नाही, ते तेलात विरघळते. आता मी बर्फाचा खडा पिशवीत घालून डागावर धरतो, डांबर कडक झाले की बोथट सुरीने टवके उडवतो, उरलेल्यावर बोटभर खोबरेल तेल लावून पाच मिनिटे थांबतो आणि फडक्याने उचलतो. फडक्याची घडी प्रत्येक वेळी बदलावी लागते. मग खोबरेल तेलाचा डाग उरतो, त्याला गुहागरच्या ताईंनी सांगितलेली पावडर आणि नंतर भांड्यांच्या द्रवाचे दोन थेंब. म्हणजे एक डाग काढण्यासाठी दुसरा पाडायचा आणि मग तो काढायचा. हा द्राविडी प्राणायाम वाटेल, पण त्याला दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. फणसाचा चीक हाताला लागू नये म्हणून आपण तेल लावतो, त्यातलेच हे तत्त्व आहे.

दुसरी गोष्ट खाऱ्या पाण्याची, आणि ती कळायला मला दोन पावसाळे लागले. समुद्रातून आलेली मुले ओल्या कपड्यांनी गालिच्यावर बसली होती. डाग वगैरे काही पडला नाही, दोन दिवसांत गालिचा वाळला, मी विसरून गेलो. जूनमध्ये पाहतो तर बरोबर त्याच जागी ओला पट्टा. छपराकडे पाहिले, कौले तपासली, गळती कुठेच नव्हती. ऊन पडले की पट्टा नाहीसा व्हायचा आणि ढग दाटले की उमटायचा. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते तेच इथे घडत होते. समुद्राचे पाणी उडून गेले तरी मीठ विणीतच राहते आणि ते हवेतला ओलावा पीत बसते. त्यावर उपाय म्हणजे गोडे पाणी थोडे थोडे शिंपडायचे, जाड टॉवेल टाकून त्यावर उभे राहायचे, टॉवेल बदलायचा, आणि हे किमान तीन वेळा करायचे. मी हे डिसेंबरच्या कोरड्या हवेत केले, तेव्हापासून पट्टा उमटलेला नाही.

म्हणूनच सांडलेल्या सरबतावर किंवा चहावर "ताबडतोब मूठभर मीठ टाका" हा सर्वत्र फिरणारा सल्ला आपल्या किनाऱ्यावर कोणी पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोरड्या गावी मीठ झाडून निघत असेल, आपल्याकडे ते तिथेच विरघळून कायमचे वस्तीला राहते.

दापोलीहून, एक शिक्षक

माझा अनुभव लहान आहे. उत्तरपत्रिका तपासताना लाल बॉलपेन जाजमावर फुटले. २०२० साली घेऊन ठेवलेल्या हातावरच्या सॅनिटायझरच्या बाटल्या घरात पडून होत्या. त्यात अल्कोहोल असते आणि बॉलपेनची शाई त्यात सुटते. सॅनिटायझर फडक्यावर घेऊन, डागावर थेट न ओतता, टिपत गेलो आणि अर्ध्या तासात शाई फडक्यावर आली. जेलपेनच्या डागावर मात्र याच उपायाचा काही उपयोग झाला नाही. तो डाग आता कपाटाखाली येईल अशा बेताने जाजम फिरवून घातले आहे.

वेंगुर्ल्याहून, कपडे आणि गालिचे धुण्याच्या घरच्या व्यवसायातून

वडिलांपासून आमचा हा व्यवसाय आहे, त्यामुळे वरचे अनुभव वाचताना कुठे हसलो आणि कुठे मान डोलावली. आमच्याकडे गालिचा येतो तो बहुधा घरी सर्व उपाय करून थकल्यावर येतो, म्हणजे आम्हाला मूळ डाग कमी आणि उपायांचे डाग जास्त काढावे लागतात.

पहिला प्रश्न डाग कशाचा हा नसतो, गालिचा कशाचा हा असतो. कडेचा एखादा सुटा धागा तोडून चिमट्यात धरावा आणि काडीने पेटवावा. केस जळल्यासारखा वास आला आणि ठिसूळ राख झाली तर लोकर, कागदासारखा भुरुभुरू जळाला तर कापूस किंवा ताग, वितळून टोकाला कडक मणी झाला तर कृत्रिम. एवढ्या एका काडीने पुढचे निम्मे नुकसान टळते. लोकरीला खार आणि ब्लीच हे दोन्ही वर्ज्य आहेत. ब्लीचमध्ये लोकर डागासकट विरघळते, हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही, एका गिऱ्हाइकाच्या भदोहीच्या (उत्तर प्रदेशातल्या गालिच्यांच्या गावच्या) गालिच्याला पडलेले तळहाताएवढे भोक मी स्वतः पाहिले आहे. लोकरीला रिठ्याचे गार पाणी किंवा सौम्य शाम्पू पुरतो. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

कृत्रिम धाग्याला पाण्याचे भय नाही, उष्णतेचे आहे. मेण काढायला वर कागद ठेवून इस्त्री फिरवतात, ते लोकरीवर जपून करता येते, पण पॉलिप्रॉपिलिन हा कृत्रिम धागा सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळतो आणि मग मेणाऐवजी चकाकणारा कडक चट्टा कायमचा राहतो. तागाच्या गालिच्याला तर पाणीच सोसत नाही, साध्या स्वच्छ पाण्यानेही त्यावर तपकिरी कडा उमटतात.

आता आमच्या भागातल्या डागाविषयी. मार्च ते मे आमच्याकडे काजूचा हंगाम असतो आणि बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रसाचा डाग हा सर्व डागांत लबाड आहे. पडतो तेव्हा तो पाण्यासारखा दिसतो. लोक पुसून सोडून देतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी चट्टा हजर असतो. केळीच्या चिकाचेही तेच. हवा लागल्यावर तो रस रंग धरतो. म्हणून रंग दिसत नसला तरी बोंडू सांडले की लगेच गार पाण्याने तीन-चार वेळा टिपून घ्यावे. दुसरे असे की हा रस लोखंडी सुरीने किंवा विळीच्या पात्याने खरवडू नये, रसातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की शाईसारखा काळा डाग होतो. लाकडी चमचा घ्यावा. डाग जुना असेल आणि गालिचा फिक्या रंगाचा असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येते. बाटलीवर ६ टक्के लिहिलेले असेल तर तेवढेच पाणी घालून ते ३ टक्के करावे, आधी कोपऱ्यात एक थेंब टाकून पाहावा, आणि गडद रंगाच्या गालिच्याला ते लावूच नये.

धागा सुरू करणाऱ्या ताईंनी वाळण्याचा प्रश्न विचारला तो खरा धंद्यातला प्रश्न आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते, म्हणून वरून हात लावून पाहण्यात अर्थ नाही. शिवाय पाण्याबरोबर डाग खाली गाठींपर्यंत उतरतो आणि वाळताना पाणी जसे वर येते तसा तो पुन्हा वर येतो. "डाग गेला होता, दोन दिवसांनी परत आला" ही तक्रार आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. त्यावर उपाय असा की साफ केलेल्या जागेवर पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवून वर पाटा किंवा पाण्याने भरलेला हंडा ठेवावा, वर येणारा डाग टॉवेलात जातो. हंड्याखाली प्लास्टिक घालायला विसरू नये, नाहीतर हंड्याच्या बुडाचा गोल उमटतो. रात्रभर हे झाले की गालिचा दोन खुर्च्यांवर उलटा पालथा घालावा आणि खालून पंखा लावावा. पाठीला हवा लागली पाहिजे, तोंडाला नव्हे. ज्याची पाठ रबरासारख्या गोंदाने चिकटवलेली असते तो गालिचा भिजवूच नये, गोंद सुटतो आणि धाग्यांचे गुच्छ हातात येतात.

पाऊस लागल्यावर, म्हणजे जून ते सप्टेंबर, आम्ही मोठे लोकरी गालिचे धुवायला घेतच नाही. गिऱ्हाईक नाराज होते, पण बुरशी लागलेला गालिचा परत देण्यापेक्षा ती नाराजी परवडते.

हर्णैहून

लोखंडी पलंगाच्या पायांचे गंजाचे डाग हा समुद्राकाठचा घरोघरचा आजार आहे. लिंबाचा रस लावून वीस मिनिटे ठेवावा, साध्या पाण्याने टिपून घ्यावा, आणि गंज जाईपर्यंत हे पुन्हा करावे. ब्लीचने गंज पक्का होतो. आता पायांखाली नारळाच्या करवंटीच्या वाट्या घातल्या आहेत, दिसायला विचित्र आहे पण डाग थांबले.

चिपळूणहून

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी आमच्या तळमजल्यावर छातीपर्यंत होते, त्यामुळे माझ्या अनुभवाला डाग म्हणावे की नाही, मला ठाऊक नाही. लग्नात मिळालेला गालिचा होता, म्हणून जीव अडकला. पाणी ओसरल्यावर चार जणांनी मिळून तो अंगणात आणला, कारण चिखलाने तो दोघांना हलेना. मी चार दिवस नळीने धूत होते. वरचे पाणी स्वच्छ यायचे आणि पाय दिला की पुन्हा गाळ उसळायचा. त्या पाण्यात गटारे, शौचालये, पेट्रोल, काय नव्हते? पाचव्या दिवशी वासाने डोके दुखू लागले आणि लेकीच्या अंगावर पुरळ उठले, तेव्हा तो टाकून दिला. पुराच्या पाण्यात भिजलेला जाड गालिचा घरात परत घेऊ नये, त्याचा फोटो काढावा, पंचनाम्यात नोंद करावी आणि सोडून द्यावा. पातळ सुती सतरंज्या मात्र उकळत्या पाण्यातून काढून, दहा दिवस वाळवून आजही वापरात आहेत.

साध्या लाल चिखलाची गोष्ट वेगळी आहे. पावसाळ्यात जांभ्या मातीची पावले उमटली की पुसायला धावू नये. ती माती ओली असताना हात लावला तर तिचा लाल रंग धाग्यात मुरतो. पूर्ण वाळू द्यावी, उलट्या बाजूने काठीने झोडपावी, मऊ ब्रशने झाडावी, आणि उरेल त्यालाच काय तो ओला हात लावावा. वाळेपर्यंत घरातल्या सर्वांना त्यावरून उडी मारायला लावणे हाच यातला कठीण भाग.

अलिबागजवळून

घरात दोन वर्षांचा नातू आणि तीन मांजरे, तेव्हा माझा विषय आपण ओळखला असेल. ताजी लघवी लगेच टिपून घेतली तर साधे पाणी आणि एकास तीन व्हिनेगर पुरते. वाळलेल्या जागेवर मी खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवते आणि सकाळी झाडून काढते. मांजर एकदा जिथे बसले तिथेच पुन्हा येते, म्हणून आपल्याला वास येत नाही यावर विश्वास ठेवू नये, मांजराचे नाक हीच परीक्षा. अमोनियाचे द्रव तर मुळीच वापरू नये, मांजराला त्याचा वास निमंत्रणासारखाच वाटतो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकले की फसफसून डाग वर येतो, असा एक उपाय मला भाचीने पाठवला होता. मीही तो दोनदा केला. फेस भरपूर आला, जागा ओली झाली, डाग तसाच राहिला. येथे कोणाला त्याचा गुण आला आहे का?

वेंगुर्ल्याहून पुन्हा

अलिबागच्या काकूंना: आंबट आणि खार एकमेकांना मारतात, फेस म्हणजे त्यांची मारामारी, आणि ती संपल्यावर मागे खारट पाणीच उरते. सोडा कोरडा वापरायचा असेल तर कोरडा वापरा आणि व्हिनेगर वेगळ्या दिवशी. मालवणच्या भाऊंनी मिठाचे जे सांगितले तेच या उरलेल्या क्षारालाही लागू आहे, तो काढला नाही तर जागा दमट राहते आणि धूळ धरते. साबणाचेही तसेच. गालिच्यात साबण राहिला की महिन्याभरात तिथे काळपट ठसा उठतो आणि लोकांना वाटते की जुना डाग परत आला.

रत्नागिरीच्या ताईंना: तुमच्या निळसर डागाला आधी आंबट द्या. व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग, पांढऱ्या फडक्याने दाबत जा, घासू नका. रंग गुलाबीकडे वळला तर समजा की कोकम अजून तिथे आहे आणि ते सुटू शकते. मग रिठ्याचे पाणी, मग साधे पाणी, मग टॉवेल आणि हंडा. पाठीवरची बुरशी आधी बाहेर, उन्हात, नाकाला फडके बांधून कोरड्या ब्रशने झाडा. घरात झाडलीत तर ती सगळ्या घरभर होईल. पाऊस दारात आहे, तेव्हा हे याच आठवड्यात करायचे तर करा, नाहीतर दिवाळीनंतर.

रत्नागिरीहून, धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी आठ वाजता गालिचा गच्चीवर नेला, कारण आभाळ दोन दिवस मोकळे राहील असे वाटत होते. बुरशी झाडली. आधी कोपऱ्यात ओले पांढरे फडके दाबून पाहिले, रंग सुटला नाही. मग व्हिनेगरचे पाणी लावले, आणि खरोखरच तिसऱ्या फडक्याला करड्या डागाच्या कडा गुलाबी होऊ लागल्या. चार वर्षांपूर्वीची सोलकढी पुन्हा समोर आली. एकूण अकरा फडकी लागली. सातव्यापर्यंत प्रत्येकावर फिकट गुलाबी ठसा येत होता, नंतरच्या चारांवर काही नाही. रिठ्याचे पाणी दोनदा आणि साधे पाणी तीनदा, तेही वाटीने, बादलीने नव्हे. नारळाच्या दुधाचा तेलकटपणा असणार म्हणून मध्ये एकदा पावडरही टाकली, पण इतक्या वर्षांनी तिच्यावर काही आले नाही.

रात्री टॉवेल, प्लास्टिक आणि हंडा ठेवला. सकाळी टॉवेलावर बशीएवढा पिवळट गोल होता, म्हणजे खाली अजून पुष्कळ काही दडलेले होते. आज गालिचा दोन बाकांवर पालथा घातला आहे आणि खाली पंखा चालू आहे. ओल कळावी म्हणून एक युक्ती केली. वर्तमानपत्राचा कोरडा कागद पाठीला लावून वर पुस्तक ठेवते आणि तासाने कागद हाताने चुरगाळून पाहते. दुपारी दोनला तो मऊ पडत होता, पाचला जरा करकरला. दिरांचा फोन आला होता, ते म्हणाले, "वहिनी, एवढे कशाला, टाकून द्या तो." आता कसचा टाकते!

पश्चिमेकडे ढग जमू लागले आहेत, तेव्हा रात्री तो आत घेऊन माजघरात पंख्याखालीच ठेवणार आहे. जागा पूर्ण वाळली की डाग किती उरला ते येथेच लिहीन. पिंजलेल्या लोकरीवर कोणाला काही उपाय माहीत असेल तर तोही सांगावा.